माझा दोर घेऊन धावड्याच्या डोंगरात

वैशाखात हिवाळे गुरुजींनी जालन्यातल्या माझ्या दुकानातून अंबाडीचा साठ हात दोर नेला आणि आठ दिवसांनी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर परत पाठवला. दोराला चिठ्ठी बांधलेली होती. चष्मा घरी राहिल्यामुळे मी ती मुनीमजींना वाचायला सांगितली. मुनीमजींचा आवाज भजनात कमावलेला. सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं त्यांनी वाचलं: "दोर परत पाठवत आहे. बैलांसाठी ठीक आहे. माणसांसाठी नको."

दुकानात गिऱ्हाइकं होती. त्यातला एक जण हसला. त्याला मी दंडाला धरून पायरीखाली उतरवला. नंतर कळलं की तो मोटेचा नाडा घ्यायला आला होता. आजकाल नाड्याचं गिऱ्हाईक वर्षात एखादं येतं, बाकीच्यांनी विहिरींवर इंजिनं बसवली आहेत.

मी बाजारात लोकांचे बैल हाकत मोठा झालो. आठव्या वर्षी दुसऱ्याचा कासरा हातात आला आणि तिसाव्या वर्षी कासरे, दावी, वेसणी, घुंगरं यांचं स्वतःचं दुकान झालं. शाळा दोन इयत्ता. सौद्यात मात्र मला कुणी हरवलेलं नाही, आणि मी चिडलो की समोरच्या रसवंतीचा बैल जागच्या जागी थांबतो असं लोक सांगतात. माझ्या दोराने विहिरीत पडलेली म्हैस वर काढली आहे. अख्खी म्हैस! आणि हा मास्तर म्हणतो, माणसांसाठी नको. पाच महिने ते वाक्य माझ्या घासात खड्यासारखं येत राहिलं.

दसऱ्याच्या आधी कळलं की हेच गुरुजी धावड्याला चार दिवसांचं शिक्षण ठेवणार आहेत. डोंगरात सुरक्षित कसं चालायचं, याचं. ज्यांना कामासाठी डोंगरातल्या वस्त्यांवर जावं लागतं अशांसाठी ते होतं. मला डोंगरात कसलंही काम नव्हतं. मुनीमजींकडून मी दोन ओळींचं पत्र लिहून घेतलं: मी येतो. दोर घेऊन येतो.

बायको म्हणाली, "पंचेचाळिशीत चालायला शिकाया चालले का?"

"शिकाया न्हाई," मी म्हणालो, "शिकवाया."

राजूर

दोराचं वेटोळं एस.टी.च्या टपावर चढवलं आणि निघालो. राजूरला गाडी थोडी थांबते. गणपतीला नारळ फोडावा, कामाला यश मागावं, एवढाच विचार होता. पण नारळवाल्या बाईने जो भाव सांगितला तो ऐकून मी गणपतीला विसरलो. तिने सांगितला त्याच्या निम्मा मी म्हणालो. ती हसली. मी चार पावलं निघून गेलो, म्हणजे ती हाक मारते. तिने मारली नाही. मी परत आलो. नारळ हातात घेऊन कानाशी हलवला, पाणी कमी आहे म्हणालो. ती म्हणाली, "पानी कमी आसल तर देवाला सांगा, मला काहून सांगता?" अशा बाईशी बोलण्यात मजा असते. बोलणं रंगलं. शेवटी माझ्याच भावाने नारळ मिळाला, आणि मागे वळून पाहतो तो गाडी नाही.

गाडी गेली, टपावर माझा दोर गेला. दुसऱ्या गाडीला दोन तास होते. मी देवळाच्या पायरीवर बसून तो स्वस्तातला नारळ फोडून खाल्ला. पाणी खरंच कमी निघालं.

धावडा

धावडा हे भोकरदन तालुक्यातलं शेतकऱ्यांचं गाव. आमच्याकडे जालन्याला डोळ्यांपुढे सपाटी असते, इथे गावाच्या पाठीशी अजिंठ्याची रांग उभी. त्या दिवसांत गवत निम्मं हिरवं, निम्मं पिवळं झालेलं, कपाशी बोंडाला आलेली. थांब्यावर एक शिडशिडीत माणूस उभा होता, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर माझा दोर.

"तुमचा दोर मघाच आला शेटजी," तो म्हणाला. "तुम्हीच मागं राह्यले."

हे हिवाळे गुरुजी. वय पस्तिशीचं. वडील रस्त्यावर खडी फोडायचे. छप्पन साली घराने बौद्ध धम्म घेतला, आणि त्यानंतर त्यांच्या आईने एकच हट्ट धरला, पोरगा शिकला पाहिजे. पोरगा शिकला, मास्तर झाला, आणि सुट्ट्यांमध्ये उत्तरेला जाऊन बर्फाच्या डोंगरात चालायचं शिकून आला. गावाने विचारलं, त्यात काय मिळतं? ते म्हणाले, धाप लागत नाही.

शिकायला आलेल्यांची राहण्याची सोय त्यांच्याच घरी होती. त्यांच्या आईने आल्याबरोबर चहा दिला. माझ्या आज्याने या घराच्या अंगणातसुद्धा पाय ठेवला नसता. मी दोन कप घेतले, आणि आज्याच्या वाटचा तिसरा.

चहा संपताच मी सौद्याला बसलो.

"गुरुजी, चौथ्या दिवशी ह्याच दोरावर माणूस उतरवायचा. सुखरूप उतरला, तर तुम्ही जालन्याला यायचं आन् माझ्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हणायचं, किसनशेटचा दोर माणसांसाठी हाये."

"आन् कोण उतरायचं ते?"

"तुम्ही सांगाल तो."

"न्हाई. ते तुम्ही सांगायचं. चौथ्या दिवशी, कड्यावर उभं राहून. तुम्ही ज्याचं नाव घ्याल तो उतरंल."

"कबूल?"

"बिलकुल कबूल."

इतकी वर्षं सौदे केले. समोरचा एका शब्दात कबूल झाला की समजावं, आपण कुठेतरी फसलो आहोत. कुठे, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

चालणं

शिकणारे आम्ही तिघंच होतो. भोकरदनचे देशमुख मास्तर, गुडघ्याने अधू पण आवाजाने दणकट. सुमनबाई नावाच्या नर्स, ज्यांना डोंगरातल्या वस्त्यांवर लस टोचायला पायी जावं लागायचं. आणि मी.

पहिल्या सकाळी गुरुजींनी आमचे पाय पाहिले. माझ्या पायात नाल ठोकलेल्या वहाणा होत्या. "ओल्या खडकावर ह्या साबनावानी पळतील," ते म्हणाले आणि आपल्या भावाचे जुने कॅनव्हासचे बूट पुढे केले. मी म्हणालो, या वहाणांनी मी निम्मा मराठवाडा तुडवला आहे. गावाबाहेरच्या पहिल्याच ओढ्यात, शेवाळलेल्या धोंड्यावर, मी असा बसलो की पाणी उडून देशमुख मास्तरांच्या टोपीवर गेलं. बूट घातले. ते मला घट्ट होत होते, आणि त्याबद्दल तक्रार करायला मला तोंड उरलं नव्हतं.

बाजारात माझा एक नियम आहे. समोरचा सांगेल त्याच्या निम्मं खरं धरायचं. त्यावर माझं दुकान उभं आहे. गुरुजी म्हणाले, माणशी दोन वॉटरबॅगा पाणी घ्या. मी एक घेतली. ते म्हणाले, वरच्या टेकाडापर्यंत दीड तास लागतो. मी पाऊण तास धरला आणि बाजाराला निघाल्यासारखा पुढे सुटलो. मागून आवाज आला, "शेटजी, बोलता आलं पाह्यजे एवढ्याच जोरानं चाला." मी मोठ्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आतून वाराच निघाला. टेकाडाच्या निम्म्यावर एका पळसाखाली मी आडवा झालो. ते तिघं गप्पा मारत वर आले. वॉटरबॅग कोरडी होती.

सुमनबाईंनी आपली पुढे केली आणि परत ओढून घेतली. "किसनभाऊ, निम्मंच पाजू का?"

तेव्हापासून गुरुजींनी मला रांगेत सगळ्यांच्या पुढे घातलं. मला वाटलं, मान दिला. मग देशमुख मास्तरांनी खुलासा केला: डोंगरात सगळ्यात हळू चालणारा पुढे असतो, म्हणजे कुणी मागे सुटत नाही.

आणखीही पुष्कळ सांगितलं गुरुजींनी. उतारावर टाच रोवून, गुडघा सैल ठेवून उतरायचं. धोंडा सुटला तर कुणाचंही नाव न घेता "धोंडा!" एवढंच ओरडायचं. घरून निघताना कुठे जातो, कधी येतो, ते सांगून निघायचं. वाट चुकली तर पुढे रेटायचं नाही, जिथपर्यंत खात्री होती तिथे परत जायचं. आणि दर वळणाला थांबून मागे पाहायचं. "जाताना दिसती ती वाट येताना दिसत न्हाई. परतीची वाट आधीच बघून ठिवा." ते दर वळणाला आम्हाला उलटं उभं करत. मला ते नवरीला माहेराकडे वळून पाहायला लावल्यासारखं वाटायचं.

संध्याकाळी गुरुजींच्या आईने ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी केली, वर लसणाची फोडणी घातली. आमच्याकडे त्या भाजीत भरडा घालतात, इथे तुरीची डाळ. आई म्हणाली, "पाला पोटात, आन् खोडाच्या सालीचा वाख काढून दोर. गरिबाचं झाड हाये बाबा. कुठंच फसवत न्हाई." मी दुसरी भाकरी मागितली आणि विषय बदलला.

गाठ

दुसरा दिवस गाठींचा. आज आपला दिवस, असं मी उठतानाच म्हणालो. जन्मभर दोर विकणाऱ्याला हे काय गाठ शिकवणार?

"कमरेला दोर बांधा," गुरुजी म्हणाले. "असा, की दुसऱ्यानं ओढला तरी तुम्ही सलामत राह्यले पाह्यजे."

डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर मी बांधून मोकळा. सुमनबाई अजून टोक कुठून काढायचं ते पाहत होत्या. गुरुजींनी माझा दोर हातात घेतला आणि हलकेच ओढला. गाठ सरकली, फास आवळला, आणि सकाळचे पोहे वर आले.

"ही गाठ बैलाच्या गळ्यात बांधता का तुम्ही?"

"न्हाई," मी कसाबसा म्हणालो. "बैल मरल की."

"मंग?"

देशमुख मास्तर एवढे हसले की त्यांना खाली बसावं लागलं. न सरकणारी गाठ मला येत नव्हती असं नाही. बैलाला रोज तीच बांधतो. घाईत स्वतःलाच सुरगाठ मारली, दुसरं काय? त्या दिवशी सुमनबाईंनी डोळे मिटून ती गाठ दहा वेळा बांधली. मी दिवसभर कुणाशी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशीही फुगलेलाच होतो. रांगेच्या उत्तर टोकाला गेलो. दक्षिणेकडून हे डोंगर बसक्या बैलासारखे दिसतात, पण उत्तरेला एकदम तुटतात, आणि खाली दूरपर्यंत शेतांचे तुकडे पसरलेले. वारा असा की बोललेलं मागच्याला ऐकू जात नव्हतं. मी पाहायचं सोडून मनात वाद घालत होतो. जातानाच एका दुभागलेल्या वाटेवर सगळे थांबून मागे वळले होते. मी वळलो नाही. मला काय माहेर आहे का?

एक दोर घरी

चौथ्या दिवशी पहाटे पाऊस पडून गेला होता. गुरुजींनी दोन्ही दोर माझ्यापुढे ठेवले. माझा अंबाडीचा, आणि त्यांचा पांढरा नायलॉनचा, उत्तरेहून आणलेला, पोत्यात गुंडाळलेला. "दोराचे जाणकार तुम्ही. दोन्ही तुमच्याकडं असू द्या."

ते आंघोळीला गेले आणि माझ्यातला व्यापारी जागा झाला. दोन दोर वर गेले, तर हा माणूस ऐन वेळी म्हणेल, बघू, आधी माझा लावू. एकच गेला, तर तो वापरावाच लागेल. मी नायलॉनचा दोर आईच्या बाजेखाली सारला आणि पोत्यात घोंगडी कोंबली. त्या वेळी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

कडा अजून थोडा लांब होता. वाट डोंगराच्या कुशीतून आडवी जात होती, एका हाताला उतार, त्यावर ओलं गवत. सुमनबाई माझ्या मागे होत्या. मला आधी मुरूम सरकल्याचा आवाज आला, मग "आई गं!" आणि वळून पाहिलं तर वाटेवर बाई नाहीत.

सुमनबाई दोन माणसांच्या उंचीएवढ्या खाली एका खडकाच्या फळीवर बसलेल्या होत्या. फळी बाजेएवढी. तिच्याखाली काय होतं ते मी एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

"बाई, हलू नका!" गुरुजी ओरडले. "लागलं का?"

"पाय मुरगळला. उभं राहता येईना." आवाज स्थिर होता, पण बारीक झाला होता.

गुरुजींनी माझ्यापुढे हात केला. "माझा दोर द्या."

मी पोतं पुढे केलं नाही.

"शेटजी, दोर!" मग माझ्या खांद्याकडे पाहून, "बरं, तुमचा तर तुमचा. जल्दी द्या."

मला पाच महिने हवं होतं ते हेच. कडा होता, माणूस होता, माझा दोर होता, आणि गुरुजी स्वतःच्या तोंडाने तो मागत होते. मी वेटोळं खांद्यावरून काढलं. हातात घेतलं. बोटांनी पीळ चाचपला, सवयीने. आणि ते माझ्याने दिलं गेलं नाही.

"ह्याच्यावर नको," मी म्हणालो.

"काय?"

"आत जुना वाख हाये. वरून नवा वळलाय. मधी दोन ठिकाणी सांधे हायेत. बाहेरून दिसत न्हाईत, मला ठाव हायेत."

खरं असं होतं की अंबडचे लक्ष्मणमामा माझे दोर वळतात. त्यांना मी भावात एवढं दाबलं होतं की दोन वर्षांपूर्वी ते म्हणाले, शेट, ह्या भावात नवा वाख बसत न्हाई. मी म्हणालो, जुना बसवा, वरून झाका, बैलाला काय कळतंय? बैलाला कळलं नाही. गुरुजींना हातात घेताच कळलं होतं, म्हणूनच उतरणाऱ्याचं नाव त्यांनी मला घ्यायला सांगितलं होतं.

"आन् माझा दोर?"

"आईच्या बाजंखाली."

चार दिवसांत गुरुजींचा आवाज रागाने चढलेला मी ऐकला नव्हता. तेव्हाही चढला नाही. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि मी, ज्याच्या रागाने रसवंतीचा बैल थांबतो, तो खाली मुरमाकडे बघत राहिलो.

खालून सुमनबाई ओरडल्या, "वर काय सौदा चाललाय? मला समदं ऐकू येऊन राह्यलंय!"

देशमुख मास्तरांचा गुडघा धावायच्या कामाचा नव्हता. गुरुजी हलले असते तर बाईंचा धीर सुटला असता. राहिलो मी.

"किती वेळात याल?" गुरुजींनी विचारलं.

"दीड तासात."

"खरं सांगा."

"तीन."

"मंग तीन. पळायचं न्हाई. तुम्ही पडले तर मला दोन माणसं काढावी लागतील. पानी घ्या. दोन बॅगा."

दोन घेतल्या.

परत, आणि पुन्हा वर

आयुष्यात एवढा हळू मी कधी चाललो नाही, आणि एवढी घाई मला कधी झाली नव्हती. पाय सुटायला बघत. मी मोठ्याने बोलत चाललो, म्हणजे धाप लागली की कळावं. काय बोलावं सुचेना, म्हणून बैलांचे भाव बोललो. ओल्या उतारावर टाच रोवली. धोंड्यांना टाळलं. दर वळणाला थांबलो, उलटा उभा राहिलो, पुन्हा याच वाटेने वर यायचं होतं ना. एका ठिकाणी वाकडं अंजनाचं झाड, एका ठिकाणी दोन धोंडे एकमेकांवर. हे सगळं पहिल्या दिवसापासून तिथेच होतं.

मग ती दुभागलेली वाट आली. इथेच मी काल वळलो नव्हतो. दोन्ही वाटा सारख्याच, दोन्हींवर गुरांच्या खुरांचे ठसे. मी डावीकडची धरली आणि पुढे रेटलो. थोड्या वेळाने करवंदीच्या जाळीत वाट संपली. माझं सगळं रक्त म्हणत होतं, जाळी तोड, खाली गाव आहे, उतर सरळ. जन्मभर मी असाच पुढे गेलो आहे. मी उभा राहिलो. एक घोट पाणी प्यायलो. मग खात्रीच्या जागेपर्यंत परत चढलो, त्या दुभागण्यापर्यंत, आणि दुसरी वाट धरली. तेवढ्यात गेलेला वेळ एका बाईच्या जिवाचा होता, आणि तो माझ्या फुगण्याने घालवला होता.

घराच्या उंबऱ्यावर आई बसली होती. मांडीवर पांढरा दोर.

"झाडताना सापडला," ती म्हणाली. "मला वाटलंच, कुणीतरी येईल." मग माझं तोंड पाहून, "कोण पडलं?"

"नर्सबाई. जित्या हायेत."

तिने विचारलं नाही की दोर बाजेखाली कसा गेला. गूळ हातावर ठेवला. "खात खात जा. चक्कर येईल."

वर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. लांबूनच तीन हाका दिल्या, शिकवल्याप्रमाणे. वरून तीन आल्या.

गुरुजींनी दोर वाटेकडेच्या एका अंजनाच्या बुंध्याला वेढा देऊन खाली सोडला. सुमनबाईंनी स्वतःच कमरेला आणि काखेखाली बांधला. "गाठ दाखवा," गुरुजी म्हणाले. त्यांनी दाखवली. "अजून एकदा ओढून बघा." ओढली. सरकली नाही. मग गुरुजी पुढे, मी मधे, देशमुख मास्तर मागे, असे आम्ही दोर धरून बसलो. बाई एका पायाने, दोन्ही हातांनी, वीत वीत वर येत होत्या. त्या थांबल्या की आम्ही धरून ठेवायचो, निघाल्या की ढील आवरायचो. माझ्या तळहातांची साल गेली, ते नंतर कळलं. बाईंचं डोकं काठावर आलं, मग खांदे, मग त्या वाटेवर पालथ्या पडल्या आणि गवत मुठीत धरून बराच वेळ तशाच राहिल्या.

उठल्या तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या.

"किसनभाऊ, तीन तास बसून मी तुमच्यासाठी निवडून शिव्या काढून ठिवल्यात. आत्ता पाय दुखून राह्यलाय. घरी गेल्यावर देते."

आम्ही त्यांना खांद्यांचा आधार देत खाली घरी आणलं, आणि त्यांनी त्या दिल्या. भाकरी खाताना, एकेक, आईसमोर. आईने दोन जास्तीच्या सुचवल्या.

दुसऱ्या दिवशी गुरुजी मला थांब्यापर्यंत सोडायला आले. गाडी अजून यायची होती. मग मीच म्हणालो, "दुकानात यायचं तुम्ही कबूल केल्तं. येऊ नका. मीच सांगतो गिऱ्हाइकांना, कुठला दोर कसा हाये ते."

"सांगाल?"

"सांगीन. राग यील मला सांगताना, पण सांगीन."

गुरुजी म्हणाले, कड्यावरून माणूस उतरवायला नायलॉनच लागतो, पण चढणीवर हाताला धरायला नीट वळलेला अंबाडीचा दोर त्यांना अजून हवा आहे. असेल तर कळवा.

अंबड

जालन्याला उतरलोच नाही. तसाच पुढे अंबडला गेलो. कोर्टाचा दिवस होता, तारखांना आलेली माणसं रस्त्याकडेला बसली होती. लक्ष्मणमामा लिंबाखाली पीळ भरत होते.

"मामा, एक दोर पाह्यजे. साठ हात. समदा नवा वाख, तीनपेडी, सांधा नको. माणसांसाठी."

मामांनी मान वर केली नाही. "भाव?"

"तुम्ही म्हणाल तो."

आता त्यांनी मान वर केली, आणि मला ताप आला आहे का ते पाहिलं. मग उठले, आत गेले, आणि एक दोर घेऊन आले. तो त्यांनी स्वतःच्या विहिरीसाठी वळला होता. असा दोर त्यांनी मला कधी दाखवलासुद्धा नव्हता. त्यांनी तो लिंबाच्या फांदीवर टाकला, टोक बुंध्याला आवळलं आणि लोंबतं टोक माझ्यापुढे धरलं.

"लटका."

"मी?"

"मंग कोण? माणसांसाठी म्हनले न्हवं?"

तळहातांवर अजून नवी साल आली नव्हती. दोराला हात लावला तशी आग झाली. कोर्टाच्या तारखेला आलेली माणसं उठून जवळ यायला लागली. त्यांना दिवसभर याहून चांगलं काही मिळणार नव्हतं. मी दोर धरला, गुडघे वर घेतले, आणि जमिनीपासून सुटलो. फांदी करकरली. दोर नाही.

"किती वेळ, मामा?"

"चहा येऊस्तोवर."

मी थोडा वेळ लटकलो. बघ्यांमधल्या एकाने माझ्या पायातल्या, गुरुजींना परत द्यायच्या राहून गेलेल्या बुटांकडे बोट दाखवून दुसऱ्याला काहीतरी सांगितलं.

"चहा सांगितला का तुम्ही?"

"न्हाई अजून," लक्ष्मणमामा म्हणाले, आणि पुन्हा पीळ भरायला बसले.

मी लटकून राहिलो.